ओल्गीनच्या रायफलीचा नेम

पोसो आमार्गो गावात बंदुकीचं काम करणारा माणूस एकच, बाल्तासार वायगेल. वय सदुसष्ट. गुडघे कामातून गेलेले, पण नजर अशी की अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवावा. त्याच्या दुकानातून दुखणं तसंच घेऊन परत गेलेलं हत्यार चाळीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. हे तो स्वतः कधी बोलून दाखवत नसे. गावच सांगायचं, आणि ते ऐकायला त्याला आवडायचं.

त्या वर्षी पावसाने डोळे वटारले होते. त्या भागात उन्हाळा फेब्रुवारीत सरतो; तो सरत आला तरी थेंब नाही. पश्चिमेकडे काल्देनच्या झाडांचं रान कुठे ना कुठे पेटलेलं असायचं आणि सकाळी दुकानाचं दार उघडलं की आधी धुराचा वास आत यायचा. फेब्रुवारीतल्या अशाच एका सकाळी रुफिनो ओल्गीन खोगिराखालच्या घोंगडीत रायफल गुंडाळून आत आला.

"उस्ताद, हिची दुर्बीण नेम धरत नाही."

"धरत नाही म्हणजे काय करते?"

"आज जुळवली तर चार गोळ्या एका जागी. आठवड्याने मारावी तर वीतभर डावीकडे. परत जुळवली, तर पुढच्या आठवड्यात खाली. डोकं भंजाळलं माझं."

रुफिनो पन्नाशीचा, वाळक्या लाकडासारखा, मोजकं बोलणारा. गावाबाहेर पन्नास किलोमीटरवर त्याचं कुरण होतं. तरुणपणी जत्रेतल्या नेमबाजीत त्याने सलग सहा वर्षं कोकरू जिंकलं होतं. सातव्या वर्षी पंचांनी हात जोडून सांगितलं होतं की बाबा, आता दुसऱ्यांना जिंकू दे. असा माणूस नेम चुकतो म्हणून आला, तेव्हा दोष हाताचा नाही हे वायगेलला सांगावं लागलं नाही.

रायफल बापाच्या वेळची, लष्करातून निघालेली, दस्ता तासून हलका केलेला. वायगेलने ती व्हाइसमध्ये धरली आणि दुर्बिणीखालची पट्टी चाचपली. पुढचा स्क्रू बोटाने फिरला.

"अरे, दुर्बिणीला कशाला नावं ठेवतोस? तिचं घरच हलतंय. हलत्या घरात कोण सरळ बसेल?"

रुफिनो हसला नाही. वायगेलने सगळे स्क्रू काढले, आटे पुसले, पक्का गोंद लावून परत कसले. हा गोंद एकदा वाळला की स्क्रू हलत नाही, तापवल्याशिवाय सुटतही नाही. दुसऱ्या दिवशी दोघं गावामागच्या चुनखडीच्या जुन्या खाणीत गेले. रुफिनोच्या सांगण्यावरून दोनशे मीटरवर पुठ्ठा लावला. तीन गोळ्यांची तीन भोकं एका तळहाताखाली झाकली गेली.

"झालं," वायगेल म्हणाला. "काय मारायचंय? हरणं?"

"रानडुकरं. टाकीवर येतात." मग जरा थांबून त्याने विचारलं, "उतारावरून खाली मारताना गोळी किती वर लागते, उस्ताद?"

"उतार किती आहे त्यावर. का?"

"सहज."

बारा दिवसांनी रुफिनो पुन्हा दारात उभा. तीच तक्रार. या वेळी वायगेलने दुर्बीण धरणाऱ्या कड्या तपासल्या. त्यांच्या आतून थोडा रंग सुटला होता, तो घासून काढला. नळी लाकडाला कुठे टेकते का ते पाहायला दोन्हींच्या मधून कागदाची पट्टी सरकवली. एका जागी अडकली, तिथलं लाकूड खरवडलं. दस्त्याचे मोठे स्क्रू कसले. पट्टीचा पुढचा स्क्रू पुन्हा सैल निघाला होता. ते पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली, पण गोंद जुना झाला असेल असं म्हणून त्याने नवी बाटली फोडली. खाणीत गोळ्या पुन्हा एका तळहातात.

तिसऱ्यांदा रुफिनो आला तेव्हा वायगेलला राग आला होता. रुफिनोचा नाही, त्या रायफलीचा.

"आता एक कर," तो म्हणाला. "ही तुझी दुर्बीण इथे ठेव. माझी स्वतःची लावून देतो. ही गेली वीस वर्षं केसभर हललेली नाही. हिनेही दगा दिला तर दुर्बीण निर्दोष, मग आपण दुसरीकडे शोधू."

दुर्बीण बदलेपर्यंत तासभर जाणार होता. बाहेर गाडीत रुफिनोची बायको एर्सीलिया बसली होती. ऊन वाढत होतं म्हणून वायगेल तिला पाणी द्यायला गेला. बारीक बांध्याची बाई, हात मांडीवर घट्ट धरलेले. पाणी प्यायच्या आधी तिने विचारलं, "होईल का दुरुस्त?"

"न होऊन सांगते कुणाला! माझ्या हातातून आजवर..."

"नाही झाली तरी चालेल," ती म्हणाली आणि ग्लास तोंडाला लावला.

वायगेलला वाटलं, नवऱ्याच्या या खेपांना बाई कंटाळली असेल. तो आत आला आणि कामाला लागला. त्या दिवशी त्याने आणखी एक गोष्ट केली, ती रुफिनोला सांगितली नाही. गिऱ्हाईकाला सगळंच सांगायचं नसतं. पट्टीच्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून खाली पट्टीवर उतरेल अशी नखांना लावायच्या लाल रंगाची एक बारीक रेघ ओढली. स्क्रू आपणहून तसूभर जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसणार.

मार्चचा तिसरा शनिवार उजाडला. रानात हरणांचे नर माजावर आले होते. पहाटेपासून त्यांच्या डरकाळ्या गावाच्या कडेपर्यंत ऐकू यायच्या, घशात दगड अडकल्यासारख्या. नऊच्या सुमारास रुफिनो आला. या वेळी एकटाच. रायफल त्याने बाकावर ठेवली आणि भिंतीला टेकून उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले.

वायगेलने भिंग घेतलं आणि मनातल्या मनात टाळी वाजवली. मागच्या दोन स्क्रूंची रेघ अखंड होती. पुढच्याची तुटली होती, पाव फेरा सरकली होती. स्क्रूच्या खाचेत ताजा ओरखडा होता, सुरीच्या टोकाचा. त्याने कापूस फिरवला तर कापसाला काजळी लागली.

महिनाभर ज्या कोड्याने त्याची झोप खाल्ली होती ते असं तळहातावर उलगडलं. त्या आनंदात त्याने नवा स्क्रू घातला, गोंद लावून दिव्याखाली वाळवला, लाल रेघ पुसून टाकली. दोघं खाणीत गेले. तीन गोळ्या. तिसरं भोक दुसऱ्यातच मिसळलं होतं.

"आता ऐक," परत येताना रायफल त्याच्या हाती देत वायगेल म्हणाला. "हिच्यात काडीचाही दोष नव्हता. पहिल्या दिवसापासून नव्हता. तुझ्या घरात कुणीतरी सुरीचं टोक चुलीत लाल करून हा एकच स्क्रू सोडवतंय. पुढचाच. म्हणजे वरवर सगळं घट्ट वाटावं, पण नेम बसू नये. डोकेबाज आहे हो जो कुणी आहे तो! घरात कोण कोण असता तुम्ही? गडी ठेवलायस का?"

रुफिनोने रायफल घोंगडीत गुंडाळली. त्याच्या चेहऱ्यावर राग दिसला नाही. तो एकदम शांत झाला, बराच वेळ शोधत असलेली वस्तू खिशातच सापडावी तसा.

"गडी नाही," तो म्हणाला. "उपकार झाले, उस्ताद."

गाडी धूळ उडवत गेली. वायगेल दुकानात आला, चुलीवर पाणी ठेवलं, भोपळ्याच्या पेल्यात येर्बाचा वाळका पाला भरला. पहिला कडू घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

गडी नाही. म्हणजे घरात दोघंच.

मग एकेक गोष्ट आपोआप पुढे येऊन उभी राहिली. रानडुकरं टाकीवर येतात, पण ती अंधार पडल्यावर. आणि रुफिनो तर दुसऱ्या खेपेला भर दुपारच्या झळांत नेम किती हलतो ते विचारत होता. रानात हरीण मारायचं तर ऐंशी पावलांच्या पुढे काही दिसत नाही, मग याला दोनशे मीटर कशाला हवे? महिनाभर नेम जुळवून घेणाऱ्या माणसाने एकदाही मांसाचा तुकडा आणून दिला नव्हता. आणि तो उतार.

उतार वायगेलने पाहिला होता. सगळ्या गावाने पाहिला होता. बाप मेल्यावर ओल्गीनच्या कुरणाचे दोन भाग झाले, एक रुफिनोचा, एक धाकट्या सिरिलोचा. मधल्या तारेच्या कुंपणावर एकच पवनचक्की आणि एकच टाकी. एक आठवडा पाणी याच्या गुरांना, एक आठवडा त्याच्या. दर शनिवारी बारा वाजता सिरिलोने यायचं आणि चावी फिरवायची, अशी बापाने घालून दिलेली रीत. जानेवारीत रुफिनोच्या पाळीत चावी बंद सापडली आणि त्याच्या चौतीस गाई तहानेने तडफडून मेल्या. सिरिलो म्हणाला, आतला वायसर अडकला. त्यानंतर भाऊ भावाशी बोलला नव्हता. चक्कीच्या वरच्या बाजूला रुफिनोच्या हद्दीत एक टेकाड आहे. तिथून टाकी दोनशे मीटरवर खाली दिसते.

आज शनिवार होता. घड्याळात दहा वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

वायगेलने चौकीला फोन लावला. चौकीतला एकुलता एक शिपाई वणवा विझवायला गेलेल्यांबरोबर गाडी घेऊन गेला होता. फोनवरची बाई म्हणाली, "निरोप देते, उस्ताद. काय सांगू?" काय सांगणार? गिऱ्हाईकाने उताराबद्दल विचारलं म्हणून? "ओल्गीनच्या चक्कीवर या म्हणावं. लवकर," एवढंच बोलून त्याने फोन ठेवला आणि आपली जुनी गाडी काढली.

कच्च्या रस्त्याने पन्नास किलोमीटर. वायगेल इतक्या जोरात गाडी कधी हाकत नसे. दोन्ही बाजूंनी वाळलेलं गवत, आकाश धुराने पिवळं पडलेलं, सूर्य तांब्याच्या नाण्यासारखा. एका वळणावर सांगाडे दिसले. कुंपणाला लागून एकावर एक पडलेल्या गाई, कातडं हाडांना चिकटलेलं, तोंडं सगळ्यांची चक्कीच्या दिशेला. रुफिनोने त्या उचलल्या नव्हत्या. रोज जाता-येता पाहायला ठेवल्या होत्या.

घराशी पोचला तेव्हा बाराला वीस मिनिटं होती. रुफिनोची गाडी अंगणात उभी. कुत्रं पायरीखाली शिरून बसलं होतं, भुंकलंसुद्धा नाही. स्वयंपाकघराचं दार सताड उघडं. टेबलावर पिठाने माखलेलं पोळपाट आणि त्याच्या मधोमध एक सुरी ठेवलेली. तिचं टोक काळंनिळं पडलं होतं.

"बाई!" वायगेलने हाक मारली. "एर्सीलिया!"

आतल्या कोठीच्या दारावर कुणीतरी धडका दिल्या. कडीला तार पिळून बांधली होती. तार सोडवताना म्हाताऱ्याची बोटं कापली. दार उघडलं तशी एर्सीलिया बाहेर आली. केसांत पीठ, एका मनगटावर बोटांचे लाल वळ. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"तुम्ही सांगितलंत," ती म्हणाली.

"मला ठाऊक नव्हतं. शपथ घेऊन सांगतो, मला..."

"मी त्या दिवशी म्हटलं होतं, नाही झाली तरी चालेल." तिचा आवाज चढला नाही. "तो दर शुक्रवारी डब्यावर मारून बघायचा. डबा चुकला की शनिवारी टेकाडावर जायचा नाही. खात्री असल्याशिवाय तो चाप ओढत नाही, लहानपणापासून तसाच आहे. म्हणून मी त्याची खात्रीच होऊ देत नव्हते."

"पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? माझा नवरा डब्यावर गोळ्या मारतो?"

तिने एवढ्यात पदर खोचावा तसा ॲप्रन कंबरेत खोचला होता. "चालत गेलाय तो. तुम्ही टेकाडावर जा, मी खाली सिरिलोकडे जाते."

"वेडी आहेस का? त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहशील?"

"पुढ्यातच," ती म्हणाली आणि धावत सुटली.

वायगेलने कधी नव्हे ते टेकाड चढायला घेतलं. गुडघ्यांतून कळा निघत होत्या. वर एका पडलेल्या काल्देनच्या ओंडक्यावर घोंगडी अंथरून रुफिनो पालथा पडला होता. रायफल घोंगडीवर टेकवलेली, गाल दस्त्याला. हलत नव्हता. माशा त्याच्या मानेवर बसत होत्या, तो त्यांना हाकलतही नव्हता.

"परत जा, उस्ताद," मागे न बघता तो म्हणाला.

वायगेल त्याच्या शेजारी धपकन बसला. खाली पत्र्याची गोल टाकी झळांत लटलट हलताना दिसत होती. सिरिलो घोड्यावरून उतरला होता. लाल रुमाल गळ्यात, पाठ इकडे. चावीपाशी वाकला होता. तेवढ्यात कुंपणाच्या कडेने एर्सीलिया धावत आली, त्याला काहीतरी ओरडली, आणि तो सरळ होईपर्यंत त्याच्या आणि टेकाडाच्या मधे येऊन उभी राहिली. ती त्याच्यापेक्षा हातभर बुटकी. त्याचं डोकं आणि खांदे तिच्या वर दिसत होते.

रुफिनोच्या नाकातून श्वास जोरात बाहेर पडला. "कुणी सोडली तिला? तुम्ही?"

"मी."

"काही बिघडत नाही. खांद्याच्या वर पुष्कळ जागा आहे."

आणि वायगेलला एकदम एर्सीलियाचं बोलणं आठवलं. खात्री असल्याशिवाय चाप ओढत नाही.

"रुफिनो," तो म्हणाला, "मी कशासाठी आलोय ते तरी ऐक. मागच्या कडीखालच्या स्क्रूचे आटे गेलेत."

"काय?"

"आटे. घासलेत. मला मघाशी कसताना कळलं होतं. खाणीत तीन गोळ्या बसल्या म्हणून मी बोललो नाही. लाज वाटली. पण पन्नास किलोमीटर खड्ड्यांतून आल्यावर ती दुर्बीण कुठे बघत असेल, देव जाणे."

"चाळीस वर्षांत तुम्ही असं काम केलं नाहीत."

"म्हातारा झालो रे. हात थरथरतात. गावाला अजून कळलं नाही एवढंच." बोलता बोलता हे त्याला खरंच वाटायला लागलं होतं. "कधी वीतभर डावीकडे, कधी खाली, असं तूच म्हणाला होतास ना? बघ, वीतभर खाली कुणाचं डोकं आहे."

खाली सिरिलो बाजूला सरकला होता आणि ती त्याच्याबरोबर सरकली होती. रुफिनोचं बोट चापावरून उठलं. परत टेकलं. परत उठलं. रानातून एका नराची डरकाळी आली आणि मग इतकी शांतता झाली की चक्कीची करकर वरपर्यंत ऐकू येऊ लागली.

"मारून बघतो," रुफिनो म्हणाला, आणि त्याने रायफल थोडी उजवीकडे वळवली. टाकीपासून तीसेक पावलांवर गुरांना चाटायला ठेवलेली मिठाची पांढरी ढेप होती, बादलीएवढी. वायगेलला काय होतंय ते कळेपर्यंत बार उडाला.

ढेप मधोमध फुटली. पांढरी धूळ उभी राहिली.

खाली घोडा उधळला. सिरिलोने टाकीमागे उडी मारली आणि जाताना एर्सीलियाला दंडाला धरून ओढलं. रुफिनो क्षणभर त्या धुळीकडे पाहत राहिला. मग त्याने बोल्ट मागे ओढला, रिकामं काडतूस ओंडक्यावर टणकन पडलं, दुसरं आत गेलं.

"खोटं बोललात, उस्ताद. केसभरही हललेली नाही."

"हो," वायगेल म्हणाला. "बोललो."

"का?"

"दुसरं काय होतं माझ्याकडे?"

रुफिनोने पुन्हा गाल टेकवला. टाकीच्या कडेला लाल रुमालाचं टोक दिसत होतं. वायगेलने हात पुढे केला आणि दुर्बिणीच्या तोंडावर तळवा ठेवला. नळीचं तोंड त्याच्या बोटांपासून हातभर लांब. नळी अजून गरम होती, तिची धग त्याच्या मनगटाला लागत होती.

"हात काढा."

वायगेलने काढला नाही. काढावा असं त्याला वाटत होतं. हात आपला नसल्यासारखा तिथेच राहिला.

"काढा म्हणतो ना!"

"ती टाकीमागून बाहेर आली," वायगेल म्हणाला.

"कोण?"

"तुझी बायको. उघड्यावर आलीय. इकडे चालत येतेय."

"आणि तो?"

"तो टाकीमागेच आहे."

रुफिनोचा डोळा दुर्बिणीला तसाच लागलेला होता. त्याला म्हाताऱ्याच्या तळव्याच्या काळोखाशिवाय काही दिसत नसणार. तरी त्याने डोळा काढला नाही. "धावतेय?"

"नाही. चालतेय."

"हाक मारतेय का मला?"

"नाही."

बराच वेळ गेला. वायगेलचा हात भरून आला. मग दस्त्यावर काहीतरी टपकलं. घाम असेल असं वायगेलला आधी वाटलं. रुफिनो उठून बसला, तोंडावरून बाही फिरवली, आणि रायफल तिथेच टाकून टेकाडाच्या मागच्या उताराने रानात चालता झाला. कुत्र्यालासुद्धा हाक मारली नाही. झाडांत तो दिसेनासा झाला तरी वायगेलचा हात त्या काचेवरून निघेना. शेवटी दुसऱ्या हाताने धरून तो काढावा लागला.

त्याने बोल्ट काढून खिशात टाकला. एर्सीलिया वर आली, ओंडक्यावर बसली, आणि दोघंही शिपायाची गाडी दिसेपर्यंत तिथेच बसून राहिली.

शिपायाने रायफल आणि बोल्ट नेले. गुन्हा काय लिहायचा यावर चौकीत दोन दिवस खल झाला. मिठाच्या ढेपेवर गोळी झाडली, असं कुणी लिहिलं असतं तर जिल्ह्यात हसं झालं असतं. सिरिलो म्हणाला, माझी तक्रार नाही. एर्सीलियानेही तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी रुफिनो रानातून परत आला, पायांना फोड, ओठ फुटलेले. त्याला दम देऊन सोडून दिलं. तो घरी गेला आणि एकटा राहू लागला. एर्सीलिया गावात मावशीकडे आली आणि शिवणकाम करू लागली.

एप्रिलच्या दोन तारखेला पाऊस आला. तीन दिवस पडला. वणवे विझले, टाक्या भरून वाहिल्या, गुरांना कुणाच्या चावीची गरज उरली नाही. त्या आठवड्यात बेकरीच्या रांगेत एर्सीलिया वायगेलच्या पुढे उभी होती.

"बारा दिवस," ती मागे न वळता म्हणाली. "पाऊस येईपर्यंत आणखी दोन शनिवार काढायचे होते मला. एवढंच."

वायगेलने पाव न घेताच घर गाठलं. दिवस मावळेपर्यंत तो दुकानात नुसता बसून राहिला. ती रागाने बोलली असती तर त्याला काहीतरी म्हणता आलं असतं.

मे महिन्यात, हिवाळ्याचं पहिलं दहिवर पडलं त्या सकाळी, सिरिलो ओल्गीन दुकानात आला. गळ्यात रुमाल नव्हता. त्याने लांबुळकं खोकं बाकावर ठेवलं आणि झाकण काढलं. आत नवी कोरी रायफल, तेलाचा वास येणारी, आणि कागदात गुंडाळलेली दुर्बीण.

"ही बसवून द्या, उस्ताद. दोनशेवर जुळवा."

वायगेलने खोक्याला हात लावला नाही. "कशाला हवी तुला?"

"तुम्ही विचारता? तुम्ही तर तिथे होतात." सिरिलो हसला, पण फक्त तोंडाने. "तो रोज त्या टेकाडावर येऊन बसतो. हातात काही नसतं, मान्य. पण बसतो आणि बघतो. मी चावी फिरवतो तेव्हा माझ्या पाठीला घाम फुटतो. किती दिवस असं जगायचं? कधीतरी हातात काही असेलच ना?"

"पाऊस झालाय, सिरिलो. चक्कीवर जातोसच कशाला?"

"रीत आहे. बापाने घालून दिलेली. मी सोडली तर म्हणेल, चोर होता म्हणून पळाला."

"वायसर खरंच अडकला होता का?"

सिरिलोने खोकं त्याच्याकडे सरकवलं. "दुर्बीण बसवताय की नाही?"

"नाही."

"बरं. तुमच्यावाचून काही अडत नाही. आजकाल सगळं घरी शिकता येतं." त्याने झाकण लावलं, खोकं काखोटीला मारलं आणि निघून गेला.

वायगेल थोडा वेळ दारात उभा राहिला. आधी चौकीच्या दिशेने वळला, चार पावलं गेला, थांबला. मग दुकानाला कुलूप घातलं आणि दहिवरावरून घसरत, भिंतींना धरत, एर्सीलियाच्या मावशीच्या दाराशी आला. आतून शिवणयंत्राचा आवाज येत होता. त्याने दार वाजवलं तसा तो थांबला.

तिने दार उघडलं. त्याला पाहून तिचा चेहरा बदलला नाही, पण ती दारातून बाजूलाही झाली नाही.

"या वेळी आधी तुला सांगायला आलोय," वायगेल म्हणाला.

तिने त्याच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं, दोन्ही टोकांना. मग दार पूर्ण उघडलं.

"आत या," ती म्हणाली. "रायफल कुणाकडे आहे आता? रुफिनोकडे की सिरिलोकडे?"